दिवा प्रखर झाला तेव्हा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील शेवटच्या टाकीवरचा चिमुकला दिवा आठवडाभर उजळतच चालला होता. साहेबांनी त्यात जंतूंची कर्तबगारी पाहिली. प्रयोगशाळेतल्या ताईंना मात्र त्याच उजेडाने घाम फोडला.

टाकीच्या एका कप्प्यातील जंतू घाण खाऊन वीज निर्माण करीत. ती दिव्यातून दुसऱ्या, हवाबंद कप्प्यात जाई, आणि तिथले जंतू तिच्या बळावर पाण्यातील विषारी नायट्रेटचा निरुपद्रवी वायू बनवीत. दिवा कधी खोटे बोलत नाही, असे साहेबांचे म्हणणे. परंतु दिव्याला वीज विचारली तर तो विजेचेच उत्तर देणार. पाण्याचे कशाला देईल? ताईंनी नमुना तपासला. नायट्रेट जसेच्या तसे होते.

झाकणाचे स्क्रू ढिले निघाले. फिटरकाकांनी काही लपवले नाही.

"जीवच आहेत ना ते, ताई? कोंडून ठेवलेले. जरा फट ठेवली, तर बघा कसे खुलले."

खुलले होते खरे. हवेतल्या प्राणवायूमुळे वीज जोराने वाहू लागली, म्हणून दिवा उजळला; पण तो आयता मिळाल्यावर नायट्रेटच्या वाटेला कोण जातो? ताईंनी स्क्रू आवळले, ओढ्यात जाणारे पाणी बंद करायला लावले, आणि मग त्यांना आठवले की त्या ओढ्याकाठीच भावाची विहीर आहे, आणि घरात त्याच पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधावरचे तान्हे बाळ.

फोन वहिनींनी उचलला. पाण्याचे विचारताच त्या हसल्या. वन्संनी उगाच घोर लावून घेऊ नये, हल्ली आपण पाणी दोनदा उकळतो, असे त्यांनी सांगितले.

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, पाणी आटते तसे ते दाट होते, आणि तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही.

"वहिनी, बाळाचे ओठ उजेडात बघा."

पलीकडे पावले वाजली, खिडकी उघडली.

"निळसर दिसतायत, वन्सं. मला वाटलं, थंडीनं."

"बाटली देऊ नका. आहात तशा डॉक्टरकडे निघा. विहिरीच्या पाण्याचं आधी सांगा. मी तिथेच येते."

फिटरकाकांनी गाडी सुरू केली. मागे दिवा मंदावत होता, म्हणजे टाकीतले काम पुन्हा सुरू झाले होते. गेलेले पाणी मात्र केव्हाच पुढे गेले होते.