उकंडरावाचं नाव कोणी सांगितलं

प्रोफेसर शालिग्रामांचा कोणावर म्हणून विश्वास नसे. हजेरी घेताना 'हजर' म्हणणाऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय ते खूण करत नसत, आणि घरी दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय गवळ्यापुढं भांडं धरत नसत. अमरावतीच्या एका कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवीत. सन एकेचाळीसच्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी तीन विद्यार्थ्यांना मिळून एक काम दिलं. इंझोरी गावी जायचं, चाळीस घरं पाहायची, माणसं किती, जमीन किती, पीक काय ते लिहून आणायचं.

सुटी संपली आणि वही आली. अक्षर सगळं एकाच हाताचं, तिघांपैकी जगदेवचं, मोत्यासारखं. पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं, 'प्रोफेसर शालिग्राम यांनी केलेली इंझोरी गावाची पाहणी', आणि खाली बारीक, 'विद्यार्थ्यांच्या मदतीने'. अख्ख्या वहीत तेवढ्या एका पानाबद्दल सरांना शंका आली नाही.

बाकी शंकाच शंका. या कामावरून नागपूरला पुढं शिकायला एकाच विद्यार्थ्याची शिफारस करायची होती. काम तिघांचं आणि जागा एक. त्यांनी तिघांना उभं केलं.

"वही सगळी म्या लिवली, सर," जगदेव म्हणाला.

"जमिनीचे आकडे पटवाऱ्याकडून मी आनले," धनसिंग म्हणाला.

"मी घरोघर फिरलो," सादिक म्हणाला.

इथं सरांच्या मनात पाल चुकचुकली. दिवसा शेतकऱ्याच्या घरी पुरुष सापडत नाही, बायाच असतात. त्या बाया या मुसलमानाच्या पोराशी कशाला बोलतील? सादिकच्या बापाचं कारंज्याला दुकान होतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. कसलं दुकान, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. ही जागा हुकली तर सादिकला त्याच दुकानात बसावं लागणार होतं. बापानं तसा निरोपही धाडला होता.

मग वही पुन्हा चाळताना सरांना चोर सापडला. चाळीसही घरांत कर्त्या पुरुषाचं नाव लिहिलेलं होतं. कोणती बाई नवऱ्याचं नाव घेते? त्यांच्या स्वतःच्या बायकोनं वीस वर्षांत घेतलं नव्हतं. म्हणजे नावं बसल्या जागी ठोकून दिली होती. सरांना राग आला आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. रविवारी तिघांना मोटारीत घालून ते इंझोरीला निघाले.

पहिलंच घर कस्तुराबाईचं. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. वहीत तिच्या घरापुढं 'उकंडराव' लिहिलं होतं.

"हे नाव कसं कळलं?" सरांनी जगदेवला हळूच विचारलं.

"बाईनंच सांगितलं असन, सर."

सर ओट्याजवळ गेले. "बाई, तुम्ही तुमच्या मालकाचं नाव या पोरांना सांगितलं?"

कस्तुराबाईनं पदर पुढं ओढला. "मी काहून सांगीन? जीभ झडन माही."

सरांनी सादिककडं असं पाहिलं, की झालं आता याचं.

"काकूनं नाही सांगितलं, सर," सादिक म्हणाला. "शेजारच्या गोजराबाईनं सांगितलं. गोजराबाईच्या मालकाचं नाव काकूनं सांगितलं. चाळीसही घरी असंच केलं. बाईले तिच्या मालकाचं नाव इचारायचं नसते, शेजारनीले इचारा लागते."

"हे तुला कोणी शिकवलं?"

उत्तर कस्तुराबाईनंच दिलं. "शिकवा कायले लागते त्याले? हा गुलाम नबी मनियाराचा पोरगा. याचा बाप माह्या लग्नापासून आमाले बांगड्या भरून राह्यला. हा इतकुसा होता तवापासून पेटी घेऊन संगं येते. याले कोनाचं दार बंद आहे?"

तिनं मनगट पुढं केलं. हिरव्या बांगड्या नव्या होत्या. सरांनी दुकान कसलं एवढं एक विचारलं असतं, तर मोटारभाडंही वाचलं असतं.

"आमच्या गावाचं काय लिवलं ते तं वाच रे," कस्तुराबाई सादिकला म्हणाली. "सुरुवातीपासून वाच."

सादिकनं वही उघडली आणि तो घुटमळला. मग खाली मान घालून त्यानं पहिलं पान वाचलं.

"शालिग्राम कोन?"

"हे सर."

"हे तं आज पहिल्यांदा आले," कस्तुराबाई म्हणाली आणि सरांसाठी पाणी आणायला आत गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते सरांना जास्त लागलं. तिघांचा वाटा त्यांनी कसून तपासला होता. आपला तपासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी सादिकच्या हातून वही घेतली, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पानावरची वरची ओळ खोडली.

"सर, वही नागपूरले जायची आहे," जगदेव कळवळून म्हणाला. "खोडलेलं दिसन."

"दिसू दे."

खाली त्यांनी तीन नावं लिहिली, आधी सादिकचं. त्याच ओट्यावर बसून शिफारशीचा कागदही त्याच्या नावानं पुरा केला. मग त्यांनी पेन पुन्हा वहीच्या पहिल्या पानावर नेलं. आपलं नाव कुठं आणि कशासाठी लिहावं ते त्यांना ठरवता येईना. कस्तुराबाई पाणी घेऊन आली, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं.