हे स्थळ जुळले आहे

नगरच्या एका वधू-वर मंडळात लग्न ठरलं की त्या स्थळाचं पान वेबसाइटवरून काढून टाकायचे. मग कुणी त्याची जुनी लिंक उघडली तर सर्व्हर कोरडेपणाने सांगायचा, ४०४, पान सापडलं नाही. मंडळ चालवणाऱ्या विजयमालाकाकूंना ते अशुभ वाटे. "सापडलं नाही काय? तिकडे कार्य ठरलंय." म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्या देवश्रीने त्या संदेशाच्या जागी लिहिलं : 'अभिनंदन! हे स्थळ जुळले आहे.'

देवश्रीचं स्वतःचंही पान तिथे होतं. मंडळातलंच स्थळ असलेला, संगमनेरच्या कॉलेजात शिकवणारा सुमंत तिला दोनदा भेटून गेला होता. माणूस तिला मनापासून आवडला होता. पण लगेच हो म्हटलं की भाव उतरतो, असं मावशीने तिच्या डोक्यात भरवलेलं. विचार करून कळवते, म्हणाली.

तेवढ्यात काकूंनी टुमणं लावलं. जिल्ह्याचं अहिल्यानगर होऊन गेलं, आपलं अजून अहमदनगरच. देवश्रीने झाडून सगळीकडे नाव बदललं, अगदी पानांच्या पत्त्यांत, म्हणजे लिंकांतसुद्धा. मुख्य पानावरून चार स्थळं उघडून पाहिली, नीट उघडली. मग ती आठवडाभर पुणतांब्याला मामाच्या वास्तुशांतीला गेली. परतल्यावर सुमंतला हो सांगायचं, हे तिने बसमध्येच पक्कं केलं.

परतल्या दिवशीच काकूंचा फोन आला. "अगं, रंगनाथरावांकडे त्यांचा साडू पेढे मागतोय. पोरीचं लग्न ठरलं म्हणे. बाप पोरीकडे बघतोय नि पोरगी बापाकडे."

करायला गेले गणपती आणि झालं माकड. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंका जुन्याच पत्त्यावर जात होत्या. तिथे पान नव्हतं, आणि सर्व्हर इमानेइतबारे सगळ्यांची लग्नं जुळवत सुटला होता.

चूक कळल्यावर काम सोपं होतं. घर बदलताना शेजारणीला नवा पत्ता सांगून ठेवतात, तसं सर्व्हरला सांगायचं, जुन्या पत्त्यावर येईल त्याला नव्यावर धाड. देवश्रीने तेवढं केलं. रंगनाथरावांची लेक पुन्हा दिसायला लागली. मग तिने स्वतःची जुनी लिंक उघडली. आता पान दिसत होतं, पण इतके दिवस तिथेही अभिनंदनच झळकत होतं. सुमंतकडे हीच लिंक होती.

पुणतांब्याला असताना त्याचा मेसेज आला होता, 'अभिनंदन. खूप आनंद झाला.' तिने स्टेटसला मामाच्या नव्या घराचे फोटो ठेवलेले, त्याचंच म्हणतोय असं तिला वाटलं. तिने 'मनापासून धन्यवाद' लिहून खाली हात जोडले होते.

तिने सुमंतचं पान उघडलं. 'अभिनंदन! हे स्थळ जुळले आहे.' एखादी लिंक राहिली असेल म्हणून तिने नवा पत्ता घालून पाहिला. तेच आलं. तिने काकूंना फोन लावला.

"ते होय? ते मीच काढलं गं काल. शेवगावची मुलगी. सुपारी फुटली परवा."

देवश्रीने फोन ठेवला आणि सर्व्हर पुन्हा एकदा तपासला. तो अगदी ठीक चालत होता.