हरणीच्या खोलीचं कुलूप

आमचे मालक देवाच्या प्रसादाचाही आधी वास घेतात. अठ्ठ्याण्णव साली यात्रेतल्या घोडागाडी शर्यतीत आमच्या हरणीनं शेजारच्या गुरुसिद्ध अण्णांच्या घोड्याला मागं टाकलं, तेव्हापासून तर मालकांचा डोळाच लागेना. अण्णा घोडीला काहीतरी करणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. तिला मागच्या खोलीत बांधलं, खिडकीला पत्रा ठोकला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली. झाडलोटीला मला, घरच्या बायकोलाही, आत सोडेनात.

ऐन श्रावणात हरणी लंगडायला लागली.

"कुलूप असूनबी खुरात खिळा मारलाच की त्या अण्णानं," मालक म्हणाले. नालबंदही अण्णांनी फितवलाय म्हणे. काठी घेऊन निघालेच होते. मीच आडवी पडले आणि बिद्रीहून जनावरांच्या डॉक्टर संयोगिताबाईंना बोलावलं. त्या अण्णांच्या म्हशीही बघतात, म्हणून मालकांनी त्यांची पिशवीसुद्धा न्याहाळून घेतली.

बाई दारातच नाकाला पदर लावून थांबल्या. मग आत जाऊन त्यांनी लंगडा पाय उचलला, खुराच्या मधला मऊ भाग खरवडला. चिरेतून काळा, सडका चिकटा आला. खिळ्याची जागा सापडली का, असं मालक विचारत राहिले. बाईंनी उरलेले तिन्ही पाय उचलले. सगळीकडे तेच.

"खिळा मारणारा चारी पायांना मारत नाही. मुतात उभी राहून खुरं कुजलीत हिची."

मला मालकांचा असा संताप आला, की हरणीच्या गळ्यात पडून रडले.

बाईंनी कुजकं कापून काढलं, जांभळ्या औषधाच्या पाण्यानं खुरं धुतली, पुसून कोरडी केली, चिरांत औषधाचा कापूस भरला. रोज असंच करा आणि प्रत्येक खुराचा वास घ्या, म्हणाल्या. वास राहिला तर कूज आहेच. पण कोरडी, वाऱ्याची जागा हवी. नाहीतर घोडी पायावर उभी राहायची नाही.

आमच्या परड्यात गुडघाभर चिखल. गल्लीत कोरडी फरशी एकच, अण्णांची शेंगा वाळवायची उघडी शेड. मालक तिथवर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. शेवटी जागा मीच मागितली.

अण्णांनी घोडीचे पाय बघितले, स्वतः भाताचं वाळकं पिंजर आणून पसरलं.

"बांध की, आकाराम. कुलूप तेवढं घरी ठेव."

मालकांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. मग फरशीवर बसले, हरणीचा पाय मांडीवर घेतला आणि खूर नाकाशी नेलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाक बरोबर जागी लागलं.