माझी किंमत चार हजार एकशेवीस नाही

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी एक जुना स्टॅबिलायझर आहे आणि मी पार वैतागलेला आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

स्टॅबिलायझर म्हणजे फ्रिज आणि भिंतीतली वीज यांच्यामध्ये बसणारा लोखंडी खोका. वीज उसळली की मी तिला दाबायचो, पडली की सावरून धरायचो. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं आहे. कारखान्यात बायकांनी ते गुंडाळलं, तेव्हा त्यांच्या बोटांना चरे पडले. म्हणून मी जड आहे. पुढे काचेआड एक काटा आहे. एका घरात मी कित्येक वर्षं राबलो. पाहुणे यायचे, फ्रिजचं दार उघडून वा वा करायचे. माझ्याकडे कोण बघतो? माझ्या डोक्यावर तुटलेली रबरं आणि विझलेल्या मेणबत्त्या ठेवायचे. एके दिवशी मी जळालो, काटा पडला तो पडलाच. घरवाल्यांनी मला फ्रिजच्या मिस्त्रीकडे टाकलं, नवा फ्रिज घेतला आणि परत आले नाहीत. माझ्या मुठीला दुकानाची चिठ्ठी लटकत राहिली. तिच्यावर दुरुस्तीचा नंबर होता, ४१२०.

हा नंबर ध्यानात ठेवा. सगळी रड त्याचीच आहे.

मिस्त्रीला एक नाद होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की तो अंतराळातला खेळ मांडायचा. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. मिस्त्री गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. खोट्या पैशांनी सामान घ्यायचं, पण यानात ठराविक वजनच मावतं. म्हणून मिस्त्री सामानाचा तक्ता करायला बसला. बंदूक दीड किलो, दीडशे रुपये. दोर, औषधं, सगळं भराभर झालं. सेन्सरपाशी गडी अडला. अंधारात, धुक्यात, भिंतीपलीकडे काय आहे ते सांगणारं यंत्र. ते जड किती असावं?

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि दिसलो मी. गॅसची टाकी मोजायच्या काट्याला त्याने मला लटकवलं. साडेनऊ किलो. मग चिठ्ठी वाचली आणि तो नंबरच किंमत म्हणून उतरवला. चार हजार एकशेवीस! अरे, नंबर आहे तो, नंबर! पण स्टॅबिलायझरला तोंड असतं का?

वर त्याने नियम काढला. सेन्सर ज्याच्याकडे, त्याने मला खरोखर मांडीवर घेऊन बसायचं. फासे एकाच हाताने टाकायचे.

खेळायला तिघं यायची. मिस्त्रीची बायको यान चालवायची. तिचा धाकटा भाऊ फक्त बंदुका घ्यायचा, म्हणून त्याचं नाव तोफखान्या. आणि शेजारची शिंपीण. मला घेतलं ते तिनेच.

"काकू, त्या ठोकळ्याच्या वजनात माझ्या सहा बंदुका मावतील," तोफखान्या म्हणायचा.

"आणि समोर काय आहे ते कोण सांगणार, तुझा आजा? दिवसभर सुईच्या नाकात डोळे घालून बसते मी. इथे तरी लांबचं बघू दे की."

यान एखाद्या गुहेपाशी उतरायचं. मिस्त्रीची बायको हळूच विचारायची, "काकू, काय दिसतं?" शिंपीण माझ्या मेलेल्या काट्यावर वाकायची. मिस्त्री तिच्या कानात सांगायचा, आणि ती ते थांबत थांबत बाकीच्यांना सांगायची. तेवढा वेळ, मित्रांनो, मी जळालेलो नसायचो.

तिच्या मांडीला मुंग्या यायच्या. पण काकू, थोडा वेळ मी धरतो, असं एकदाही कुणी म्हणालं नाही.

मग एकदा तोफखान्याने हट्टच धरला. सेन्सर यानातच ठेवायचा, त्या जागी दारूगोळा न्यायचा. नेला. अंधारात दार उघडलं आणि सगळे जागच्या जागी मेले. तर हा पठ्ठ्या म्हणतो काय?

"चूक वजनाची आहे, दाजी! पुढच्या जमान्यात एवढं जड कुणी बनवेल का? मनगटावर मावेल सगळं."

मेहुण्यापुढे मिस्त्रीचं काय चालणार? त्याने वजन खोडलं. आता सेन्सर म्हणजे मनगटावरची पट्टी, वजन शून्य, प्रत्येकाला एक. किंमत मात्र यानाच्या खर्चात तशीच, चार हजार एकशेवीस.

"आता सगळ्यांनाच दिसतं," शिंपीण म्हणाली. "मग मी काय करू, टाळ्या वाजवू?" आणि ती यायची थांबली. कुणी बोलावलं तर शिलाईची घाई आहे म्हणायची.

खेळाचा जीव गेला. मिस्त्री सगळं मोठ्याने सांगून टाकायचा. "काय दिसतं?" असं कुणी कुणाला विचारेना. दिसतच होतं ना! तोफखान्या जांभया देत बंदुका झाडायचा. शेवटी त्याची नजर माझ्यावर गेली. "दाजी, आत तांबं आहे. भंगारात देतो, नवे फासे येतील." मिस्त्रीने मान हलवली. हो पण म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

आता मी वितळणार. तोफखान्याने मला खांद्यावर घेतलं. चार पावलांत खांदा बदलला. मग पोटाशी धरलं. मग मला शिव्या दिल्या. शिंपिणीच्या पायरीशी आला आणि मला मांडीवर घेऊन मटकन बसला.

आतलं मशीन थांबलं. शिंपीण दारात आली. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय दिसतं रे?"

"घाम," तो म्हणाला. "काकू, हे एवढं जड असतं, बोलला का नाहीत कधी?"

"बोलत होते. तू गोळ्या मोजत होतास."

मग भंगारवाल्याकडे न जाता त्याने मला परत दुकानाकडे न्यायला उचललं. "चला," म्हणाला, "पण मला एकट्याला नाही झेपणार." तिने माझी एक बाजू धरली. मला पहिल्यांदाच दोघांनी उचललं होतं.

तक्त्यात वजन परत आलं. आता मी पाळीपाळीने मांडीवर जातो. पहिली पाळी तोफखान्याची. एका हाताने टाकलेले त्याचे फासे कपाटाखाली गेले. शिंपीण पदर खोचून म्हणाली, "द्या ती बंदूक इकडे!"

मित्रांनो, तुमच्याही घरात, कामावर, खेळात एक कुणीतरी सगळ्यांसाठी पुढचं बघत असतं. त्याचं ओझं तक्त्यातून खोडू नका. ते खोडून हलकं होत नाही, फक्त तुम्हाला दिसेनासं होतं. थोडा वेळ तुम्ही धरा.

आणि कुणीतरी त्या मिस्त्रीला सांगा रे! कालच त्याने नवा तक्ता स्वच्छ अक्षरात काढला. सेन्सर, साडेनऊ किलो, किंमत चार हजार एकशेवीस.