नलिनीची न्हाणी

चंद्रप्रकाशने रंगाच्या दुकानाच्या फळीवर शेड कार्ड उलगडलं आणि नलिनीने लगेच पिस्ता रंगावर बोट ठेवलं. मघाशी घाम पुसताना कपाळाला लागलेलं बोट. त्या चौकोनावर कुंकवाचा डाग उमटला.

तिच्या नवऱ्याचं, दशरथचं, लक्ष अस्तराच्या डब्यांकडे होतं. तीस वर्षं रंगारी असलेल्या माणसापुढेही चंद्रप्रकाशने सवयीने लाकडाचा स्वस्त प्रायमर सरकवला.

"सिमेंटचा काढ," दशरथ म्हणाला. "घरचं काम आहे."

चंद्रप्रकाश नुसता हसला. दुसऱ्यांच्या कामाला हा माणूस कुठला डबा उचलतो, हे त्याला ठाऊक होतं.

कुर्ल्याच्या चाळीत नलिनीने वीस वर्षं रांग लावून आंघोळ केली होती. बोरिवलीच्या या दोन खोल्यांत तिला आतून कडी लागणारी स्वतःची न्हाणी मिळाली. गिलावा दिवाळीत झाला. डबे मात्र घरी आले ते खाटेखाली गेले. भिंतीने एक उन्हाळा खाल्ला पाहिजे, तोवर आत पाण्याचा थेंब नको, असं दशरथने बजावलं. नलिनी स्वयंपाकघरातल्या मोरीला जुन्या लुगड्याचा पडदा लावून, अंग चोरून आंघोळ करू लागली.

"लोकांक आठ दिवसांत रंगवून देतास," ती म्हणायची, "नि माकाच उन्हाळो दाखवतास?"

लोकांना घाई असे आणि दशरथला पुढचं काम. ओल्या गिलाव्यावर मारलेला तेलरंग दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी सुटे, तोवर दशरथ भलत्याच कुणाच्या भिंतीशी उभा असे. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? दर रविवारी तो न्हाणीत जाऊन भिंतीला आधी तळहात लावी, मग गाल. बाहेर येऊन नकारार्थी मान हलवी. पुढे पुढे नलिनीने दारात येऊन उभं राहणंही सोडलं.

वैशाखातल्या एका रविवारी भिंत खडखडीत लागली. पुढच्या रविवारी अस्तराचा पहिला हात मारायचं ठरलं. नलिनीने खाटेखालचे डबे ओढून स्वच्छ पुसून ठेवले. बुधवारी तिला ताप भरला आणि शुक्रवारी पहाटे ती गेली.

शेजारणींनी तिला न्हाणीतच नेऊन आंघोळ घातली. तिथली तिची ती पहिलीच.

स्मशानातून परतलेली माणसंही एकेक करून तिथेच न्हायली. तिचा भाऊ कुंडलिक डोकं पुसत बाहेर आला आणि उघड्या, करड्या भिंतीकडे बघत राहिला.

"भावोजी, जन्मभर लोकांच्यो भिंती रंगवलात. माझ्या भयणीच्या न्हाणयेर तेवढो हात फिरलो नाय तुमचो?"

उंबऱ्यातूनच वाकून दशरथने भिंतीला तळहात लावला. कमरेपर्यंत गार, ओली.

कुणीतरी म्हटलं, आता तुम्हीही न्हाऊन घ्या. त्याने भरलेली बादली उचलली, स्वयंपाकघरातल्या मोरीत नेऊन ठेवली आणि लुगड्याचा पडदा ओढून घेतला.