हवा बघून जा

मी एक जुनी जोडसायकल आहे, मित्रांनो. सीट दोन, हँडल दोन, घंटी मात्र एकच. समुद्राकाठच्या एका शहरात पाहुण्यांना सायकली आणि गोल्फच्या काठ्या भाड्याने देणारे दुकान आहे, तिथे मी राहते. एका वेल्डरने दोन मोडक्या सायकली जोडून मला घडवले. म्हणूनच की काय, जागेपणी मी एक असते आणि स्वप्नात दोन.

माझे मागचे हँडल वळत नाही. मागच्याने पुढच्यावर विश्वास ठेवायचा आणि पाय मारायचे. पुढचा ओरडतो, "खड्डा!" मागचा म्हणतो, "आता सांगतोस?" अशी कितीतरी लुटुपुटीची भांडणे मी समुद्राच्या रस्त्यावरून फिरवून आणली. तेव्हा माझा थाट होता. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. पुढे बॅटरीच्या सायकली आल्या आणि मी काठ्यांच्या पिशव्यांमागे धूळ खात पडले. खारी हवा माझी साखळी कुरतडू लागली. फार वाईट वाटे. पण डोळा लागला की मी टायर न भिजवता लाटांवरून चालत असे.

एका दुपारी एक तरुणी आपल्या वडिलांना घेऊन आली. वडील माळी होते. दुसऱ्या गावच्या गोल्फ मैदानावर त्यांनी तीस वर्षे गवत कापले, पण चेंडू एकदाही मारला नव्हता. आता त्यांची नजर अधू होत चालली होती. वीस पावलांपलीकडे त्यांना सगळे धुके दिसे, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"नजर आहे तोवर एक चेंडू मारायचाय," ते मालकांना म्हणाले. "आणि तो पडेपर्यंत बघायचाय."

त्यांना एकट्याने सायकल चालवणे शक्य नव्हते. मालकांनी मला बाहेर ओढले, साखळीला तेल दिले. केवढे बरे वाटले म्हणून सांगू! सोबत एक काठी दिली आणि मालक नेहमीप्रमाणे म्हणाले, "मैदान रस्त्याच्या टोकाला आहे. हवा बघून जा हं."

त्यांना म्हणायचा होता वारा. दुपारनंतर तो जाताना पाठीला हात लावून ढकलतो आणि येताना छातीवर बसतो. तरुणीने मात्र माझे टायर अंगठ्याने दाबले.

"टणक आहे की हवा, काका!"

मालक तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. आम्ही निघालो ते जणू तरंगतच. पुढून लेक सांगत होती, "बाबा, डावीकडे होड्या. आता पांढरे पक्षी." मागे बाबा मान डोलवत होते. त्यांना पाय मारावेच लागत नव्हते.

मैदानावर मला कुंपणाला टेकवले. चेंडू मारायचा होता शहराच्या दिशेला, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडावर. बाबांचे दोन फटके हवेतच गेले. तिसऱ्याला चेंडू उडाला. लेकीने श्वास रोखला. दूर गेला असता तर त्यांच्यासाठी तो कायमचा हरवलाच असता.

पण चेंडू वर गेला, तिथे वाऱ्याने त्याला थोपवले आणि जरा मागे लोटून अलगद खाली सोडले. पंधरा पावलांवर तो गवतात टेकला.

"दिसला!" बाबा म्हणाले. "अगं, पडेपर्यंत दिसला!" आणि त्यांनी वाकून गवतावरून हात फिरवला.

परतताना आमच्या नाकी नऊ आले. लेक धापा टाकत होती, मी कुरकुरत होते. दाराशी मालक काळजीत उभे होते.

"हवा बघून जा म्हटलं होतं ना?"

"बघितली की," बाबा हसत म्हणाले. "माझा चेंडू तळहातावर घेऊन उभी होती."

तेव्हापासून मी दुकानात दर्शनी भागात असते. मित्रांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी सायकल असेल, तर तिच्या साखळीला तेल द्या, टायर दाबून बघा. आणि ज्यांना लांबचे दिसत नाही, त्यांना सोबत घ्या. वाटेत होड्या दिसल्या, की सांगत चला.