डोळ्याइतकी उंची

“मामा, हा घ्या. हलका हाय, बॅगमधी बी बसतो.” नांदेडच्या दुकानदाराने काचेवर एक काळी नळी ठेवली.

शेषेरावांनी ती उघडली. एकातून एक तुकडे निघत गेले. शेवटचा पेन्सिलीएवढा बारीक होता. वरून तळहाताने दाबताच नळी बाकदार झाली.

“हा नको. जाड दाखवा, कमी तुकड्यांचा.”

“बाबा, एकाच पायाचा स्टँड?” उज्वलाने विचारलं. “उभा कसा राहील?”

“राहत न्हाई. धरावं लागतं. आपले दोन अन् त्याचा एक, असे तीन पाय.” त्यांनी जाड स्टँडवर कॅमेरा बसवला आणि तो डोळ्यापाशी येईपर्यंत पाय लांबवला. “मान वाकवायची न्हाई. कॅमेऱ्यानं डोळ्याकडं यावं.”

दुकानाबाहेर त्यांनी रसवंतीचा फोटो काढला. ऊन लख्ख होतं. चाकाला बांधलेले घुंगरूही स्वच्छ आले. शेषेराव किती तरी दिवसांनी हसले.

मुखेडच्या त्यांच्या स्टुडिओकडे गेल्या लग्नसराईपासून कुणी फिरकलं नव्हतं. हाताचा कंप गोळ्यांना दाद देत नव्हता, आणि दोन घरांचे फोटो हललेले निघाले होते. व्यंकटने तेवढं मैत्रीखातर आपल्या लेकीचं, पुनमचं लग्न त्यांना दिलं होतं. हे साधलं तर स्टुडिओ राहणार होता. नाही तर शटर ओढायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मंडपात उजेड कमी होता. स्टेजवर पाहुण्यांची चढउतर चालू होती. शेषेरावांनी पहिले फोटो मोठे करून पाहिले. पुनमच्या मुंडावळ्या दुहेरी दिसत होत्या.

“फळ्या हलून राहिल्या,” ते म्हणाले. “या स्टँडचा हाच अवगुण. पायाखालचं सगळं वर सांगतो. चल, खाली उतरू.”

खाली उतरून त्यांनी पाय मातीत टेकवला, डावा हात कॅमेऱ्यावर दाबला आणि श्वास सोडत बटण दाबलं. मुंडावळ्या पुन्हा दुहेरीच आल्या.

“शेषेराव, झोपलास का रं?” व्यंकट स्टेजवरून ओरडला. “अंतरपाट धरून हात दुखले लोकांचे.”

“स्टेज अजून हलून राहिलंय.”

उज्वला हळूच म्हणाली, “बाबा, आता मातीत उभे हाव आपण.”

त्यांनी स्टँडकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा थरथरत होता.

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केली. शेषेराव बाजूला सरकले. उज्वलाने पुढे होऊन स्टँड धरला. तिने कळ सैल केली, स्टँड वीतभर खाली घेतला आणि कळ घट्ट केली.

“बटणाला धक्का द्यायचा न्हाई,” तिच्या मागून ते सांगत राहिले. “श्वास सोड. अंतरपाट खाली गेला की पुनम आधी नवरदेवाकडं बघंल. तवा दाब.”

अंतरपाट खाली गेला. उज्वलाने बटण दाबलं.

दोन दिवसांनी व्यंकट स्टुडिओत आला. “काय झ्याक फोटो आलेत गड्या! हात बसला की तुझा. मेव्हण्याच्या पोराचं लग्न बी तूच घे.”

“पोरीनं काढलेत.”

“मग दोघं मिळून या.”

“ती नर्सिंगला हाय लातूरला. सुट्टी संपली. आजच चालली.”

व्यंकटने खिशातली सुपारी काढली, थोडी त्यांच्या हातावर ठेवली. हातावरून ती खाली सांडली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

दुपारी उज्वलाला लातूरच्या एसटीत बसवून शेषेराव परत आले. कोपऱ्यातला स्टँड त्यांनी उचलून समोर धरला. कॅमेरा त्यांच्या गळ्याशी आला. त्यांनी मान वाकवली आणि आतून पाहिलं. समोरच्या दुकानाची पाटी थरथरत होती.

ते ताठ झाले. भिंगावर झाकण बसवलं आणि स्टँड होता तसाच, उज्वलाच्या उंचीवर, कोपऱ्यात टेकवून ठेवला.